सावळारामतात्यांच्या कपाटाचं वर्गीकरण

बावड्याच्या सार्वजनिक वाचनालयाची किल्ली केशवराव रणवऱ्यांच्या हातात आली, यात त्यांचा स्वतःचा काही दोष नव्हता. दोष असलाच तर तो दुपारी झोप न येण्याचा. ज्या माणसाची झोप पाटबंधारे खात्यात टेबलावर बसल्या बसल्या जन्मभर पुरून उरलेली असते, त्याला निवृत्तीनंतर घरी झोप येत नाही, हे आपल्याकडे कुणी लक्षातच घेत नाही. तर केशवराव दुपारचे वाचनालयात जाऊन पेपर चाळत बसायचे. जुने ग्रंथपाल मुलाकडे पुण्याला राहायला गेले तेव्हा वाचनालयाचे सचिव दादासो काळकुटे यांनी इकडेतिकडे पाहिलं, आणि इकडेतिकडे फक्त केशवरावच होते.

"आता तुमीच बघा," दादासो म्हणाले. "तसं लई काम न्हाय. कुलूप काढायचं, कुलूप लावायचं. मधी पंखा."

"एवढंच?"

"तपासणी यायची हाय. मागच्या बारीला सायबांनी शेरा मारून ठेवलाय, पुस्तकांचं शास्त्रीय वर्गीकरण न्हाय म्हणून. तेवढं जरा बघा."

'तेवढं जरा बघा' या तीन शब्दांवर सरकारी खात्यात आख्खी नोकरी निघते आणि बघावं कुणालाच लागत नाही. केशवरावांना हे ठाऊक असायला हवं होतं. पण निवृत्तीनंतर त्यांना कुणी काही बघायला सांगितलंच नव्हतं. घरात दूध उतू चाललं तरी अनसूयाबाई त्यांना ओलांडून गॅसपर्यंत जायच्या. त्यामुळे ते तीन शब्द त्यांनी छातीशी धरले आणि बारामतीला दर रविवारी भरणाऱ्या ग्रंथालयशास्त्राच्या वर्गात नाव घातलं.

पहिल्या रविवारी अनसूयाबाईंनी डबा हातात दिला आणि सांगितलं, "कुणाशी वाद घालू नका. मागच्या बाकावर बसू नका. आणि बाईंनी विचारल्याशिवाय उत्तर सांगू नका." केशवरावांनी यातलं काहीच पाळलं नाही. बावड्याहून इंदापूर, इंदापूरला गाडी बदलून बारामती, असा प्रवास करून ते वर्गात पोचले तर मागचाच बाक तेवढा रिकामा होता. बाकी सगळी नोकरीच्या आशेनं आलेली पोरंपोरी. शिकवणाऱ्या स्वरूपा मॅडम त्यांच्या मुलीहून लहान असाव्यात. त्यांनी पहिल्याच दिवशी "काका, तुम्हाला दिसतंय ना फळ्यावरचं?" असं सगळ्यांदेखत विचारलं. पाटबंधारे खात्यात केशवरावांना सगळे भाऊसाहेब म्हणत. भाऊसाहेबाचा असा भरवर्गात काका व्हावा, हे त्यांना इंदापूरपर्यंत लागून राहिलं.

पण शास्त्र मात्र त्यांना फार आवडलं. जगातलं सगळं ज्ञान म्हणे दहा भागांत बसतं. प्रत्येक भागाचे पुन्हा दहा, त्या प्रत्येकाचे पुन्हा दहा. कुठलीही गोष्ट दाखवा, तिला आकडा आहे. धर्म दोनशेत, भाषा चारशेत, शेती, औषधं आणि स्वयंपाक सहाशेत. आयुष्यभर पाण्याच्या अर्जांच्या गठ्ठ्यात हरवलेले अर्ज शोधण्यात ज्याची नोकरी गेली, त्या माणसाला हे ऐकून गहिवरून येणार नाही तर काय होईल?

विद्या घरात आली की आधी स्वयंपाकघरात शिरते. अनसूयाबाई एका लग्नाला गेल्या होत्या, तेवढ्यात केशवरावांनी फळीवरचे डबे शास्त्रशुद्ध लावून टाकले. मोहरी गेली तेलबियांत, शेंगदाण्याशेजारी. हळद औषधांत, बामाच्या बाटलीलगत. हिंग कशात घालावा हे न ठरल्यामुळे तो 'संकीर्ण' म्हणून माळ्यावर गेला. संध्याकाळी अनसूयाबाईंनी कढईत तेल तापवलं आणि मोहरीकडे हात नेला तर हाताला लागला साबुदाणा. पुढचं सांगण्यात अर्थ नाही. त्या रात्रीचं वरण बिनफोडणीचं होतं.

एखाद्यानं यावरून काही धडा घेतला असता. केशवरावांनी एवढाच घेतला की बायकोच्या हद्दीत प्रयोग नको, आपल्या हद्दीत करावा.

आता वाचनालय. तिथं भिंतीला लागून लोखंडी कपाटांची रांग होती, आणि प्रत्येक कपाटाच्या माथ्यावर पांढऱ्या रंगात लिहिलेलं, 'कै. अमुकतमुक यांच्या स्मरणार्थ'. गावात कुणी वाचणारं माणूस गेलं की घरची मंडळी त्याची पुस्तकं कपाटासकट वाचनालयाला देत. मग ती पुस्तकं त्याच कपाटात, त्यानं लावली होती तशीच राहत. वाचकही तशीच मागत. "तात्यांच्या कपाटातलं खालच्या फळीवरलं द्या" म्हटलं की जुने ग्रंथपाल उठत आणि देत. लेखकाचं नाव कुणाला लागत नव्हतं.

हे तात्या म्हणजे सावळारामतात्या. ऊस लावायचे आणि वाचायचे. उसाला पाणी द्यायला गेले तरी काखेत पुस्तक, त्यामुळे पाणी बांध ओलांडून शेजाऱ्याच्या रानात गेल्याच्या तक्रारी केशवरावांनी स्वतः निकालात काढल्या होत्या. तात्या गेले आणि त्यांच्या बायकोनं, जयवंताकाकूंनी, कपाट वाचनालयाला दिलं. काकूंना वाचता येत नाही. पण आठवडी बाजाराच्या दिवशी त्या यायच्या, भाजीची पिशवी टेबलाच्या पायाला टेकवायच्या, तात्यांच्या कपाटाची दोन्ही दारं उघडायच्या आणि समोरच्या स्टुलावर थोडा वेळ बसायच्या. कधी पदराच्या टोकानं फळी पुसायच्या. मग दारं लावून घरी. केशवराव हे कितीदा तरी बघत आले होते. बाजारातून चालत आल्यावर पाय दुखत असतील, अशी त्यांची समजूत होती.

दिवाळीत वाचनालय बंद होतं. केशवरावांनी सगळी कपाटं रिकामी केली आणि जमिनीवर पुस्तकांचा डोंगर केला. कुणी सिमेंटच्या पिशवीच्या कागदाची कव्हरं घातली होती, कुणी कॅलेंडरच्या. ती सगळी त्यांनी फाडून काढली, कारण मुखपृष्ठ दिसलं पाहिजे असं शास्त्र सांगतं. अर्ध्या उघड्या दारातून गाव सल्ला द्यायला येत होतं. शेजारच्या मनिषावहिनी म्हणाल्या, "भावजी, लाल-लाल एकीकडं लावा अन् निळी-निळी एकीकडं, कसं छान दिसंल." ट्रॅक्टरवाला युवराज म्हणाला, "जाड खाली अन् बारीक वर. ट्रॉली आमी तशीच भरतो, पलटी हुत न्हाय." केशवराव अडाण्यांकडे बघून हसावं तसं हसले. प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर त्यांनी आकड्याची चिठ्ठी चिकटवली आणि विषयवार लावून टाकलं. कपाटांवरची नावं मात्र तशीच ठेवली. ती पुसली असती तर गावात राहणं अवघड झालं असतं, एवढं भान शास्त्र शिकूनही त्यांच्यात उरलं होतं.

वाचनालय उघडलं आणि पहिला आला तो ऋषिराज. त्याच्या आईच्या, म्हाळसाबाईंच्या, स्मरणार्थ तिसरं कपाट होतं. बाईंनी गावातला दारूचा गुत्ता लाटणं घेऊन बंद पाडला होता आणि कपाटात स्तोत्रं ठेवली होती. आता त्या कपाटात सहाशे लागलं होतं.

"केशवकाका, हे काय हाय?" ऋषिराजनं एक पुस्तक दोन बोटांत उंदीर धरावा तसं धरलं होतं. 'द्राक्षांपासून वाईननिर्मिती'.

"सहाशे," केशवराव म्हणाले.

"माझ्या आईच्या कपाटात दारू?"

"दारू नाही रे, तंत्रज्ञान आहे ते."

"मग तुमच्या घरी देव्हाऱ्यात ठिवा की!"

त्याच्यामागून गावातले दोघे चुलतभाऊ आले, तेही एकत्र. बांधावरून त्यांचं बोलणं बंद होतं, ते केशवरावांना रागवायला म्हणून पुन्हा सुरू झालं. दोघांच्याही दिवंगत वडिलांची पुस्तकं आता एकाच फळीवर खांद्याला खांदा लावून उभी होती. "हयातीत एका पंगतीला बसले न्हाईत ते," थोरला म्हणाला, आणि धाकट्यानं मान हलवली. दोघांचं एकमत झालेलं गावानं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. याचं श्रेय केशवरावांना कुणीच दिलं नाही.

हे सगळं केशवरावांनी ताठ मानेनं सोसलं. नवं काही करायला गेलं की लोक ओरडतातच, असं ते अनसूयाबाईंना सांगत होते आणि अनसूयाबाई मोहरीचा डबा छातीशी धरून ऐकत होत्या. मग बाजाराचा दिवस आला.

जयवंताकाकू आल्या. पिशवी टेकवली, दारं उघडली. सावळारामतात्यांच्या कपाटाच्या वाट्याला चारशे आलं होतं. गावात भाषेवरची पुस्तकं म्हणजे दोन-तीन शब्दकोश आणि एक व्याकरण, त्याचीही पाठ उसवलेली. बाकीच्या फळ्या रिकाम्या, मागचा पत्रा दिसत होता.

काकू स्टुलावर बसल्याच नाहीत. "ह्यांची पुस्तकं कुठं गेली ओ?"

"गेली नाहीत काकू, इथंच आहेत." केशवराव लगबगीनं उठले. "विषयवार लावलीत. हे बघा, शेतीचं तिकडं गेलं. कथा-कादंबऱ्या त्या टोकाला. हे इतिहासाचं इथं." एकेक पुस्तक काढून ते दाखवू लागले. काकू त्यांच्या मागोमाग एका कपाटापासून दुसऱ्या कपाटापर्यंत गेल्या, तिथून तिसऱ्यापर्यंत. स्टूल त्यांच्या हातात होतं. ते त्यांनी कधी उचललं, हे केशवरावांनी पाहिलं नव्हतं.

शेवटी त्या मधोमध थांबल्या.

"मंग मी बसू कुठं?" त्यांनी विचारलं.

त्यात राग नव्हता, तक्रार नव्हती. जागा विचारावी तसं त्यांनी विचारलं. केशवरावांना दहा वर्गांत, त्यांच्या शंभर उपवर्गांत, कुठंही याचं उत्तर सापडेना. काकूंनी स्टूल जागेवर ठेवलं, पिशवी उचलली आणि त्या गेल्या. पाय दुखतात म्हणून ही बाई बसत नव्हती, हे केशवरावांना तेव्हा कळलं. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की त्यांनी पंखा बंद केला आणि तसेच उकाड्यात बसून राहिले.

पुढच्या रविवारी बारामतीला स्वरूपा मॅडमनी शेवटचं प्रकरण उघडलं. अभिलेख आणि खासगी संग्रह. "संग्रह म्हणजे नुसत्या वस्तू नसतात," मॅडम सांगत होत्या. "त्या कुणी जमवल्या आणि कशाशेजारी काय ठेवलं, हाही त्याचाच भाग असतो. म्हणून एका माणसाचा संग्रह दुसऱ्याच्या संग्रहात मिसळायचा नाही आणि त्यानं लावलेला क्रम मोडायचा नाही. हा पहिला नियम."

मागच्या बाकावरून केशवराव उभे राहिले. "मॅडम, पहिला नियम शेवटच्या प्रकरणात का ठेवलाय?"

"म्हणजे?"

"मोडला असेल तर काय करायचं?"

"कितपत मोडलाय, काका?"

"काही शिल्लक नाही."

वर्गात सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. दवाखान्यात अवघड केस आली की पाहतात तसं. पण मॅडम हसल्या नाहीत. पुस्तकं कुणाकडून आली हे दाखल रजिस्टरात असेल, असं त्या म्हणाल्या. केशवरावांनी ते पाहिलं होतं. जुन्या ग्रंथपालांनी पहिल्या ओळीत 'देणगी' लिहून खाली शेवटपर्यंत टिंबं देत नेली होती. कव्हरांवरून ओळखू येतील का? कव्हरं फाडली होती. मॅडमनी खडू ठेवला. "मग ज्यांनी ती वाचलीत त्यांना विचारा," त्या म्हणाल्या. "आणि काका, पुस्तकं कपाटातच राहू द्या की. विषयवार लावायची ती कार्डं, दर पुस्तकाचं एक. कार्डावर विषयाचा आकडा घाला आणि खाली कपाटाचं नाव. म्हणजे शोधणाऱ्याला विषय सापडेल आणि कपाटही शाबूत राहील."

इतकं सोपं होतं ते. केशवराव परतीच्या गाडीत डबा खायचाही विसरले.

त्यांनी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आवाहन टाकलं, 'कै. सावळारामतात्यांच्या कपाटातील पुस्तके ओळखण्यास यावे.' त्यावर चार जणांनी गुलाबाची फुलं पाठवली, एकानं भावपूर्ण श्रद्धांजली वाहिली, कारण त्याला वाटलं तात्या आत्ता गेले, आणि एकानं कांद्याची रोपं मिळतील म्हणून कळवलं. केशवरावांनी फोन उपडा ठेवला. आपल्या गावात वाचणारं कुणी उरलेलं नाही, असा निष्कर्ष ते काढणार, एवढ्यात दारात ट्रॅक्टर थांबला.

युवराज आत आला आणि सरळ कादंबऱ्यांच्या कपाटाशी गेला. "हे तात्यांचं," म्हणून त्यानं एक काढलं. "हितं बघा, ऑइलचा डाग. माझाच हाय. कारखान्यावर ट्रॉलीच्या लायनीत वाचलं व्हतं. तात्या लई बोलले मला."

मग श्रेया आली, इंदापूरच्या कॉलेजात शिकणारी. तिला तात्यांच्या कपाटातली प्रवासवर्णनं पाठ होती. ऋषिराज आईचं कपाट आपल्या हातानं लावायला आला होता, तो स्तोत्रं हुडकता हुडकता तात्यांचीही चार पुस्तकं काढून गेला. चुलतभाऊ आले आणि वेगवेगळ्या दारांनी आत शिरता येईना म्हणून एकामागून एक आत आले. ज्याला त्याला काहीतरी आठवत होतं. हे वाचताना मला कावीळ झाली व्हती. हे तात्यांनी मला बळंच दिलं, म्या वाचलं न्हाय, पण वाचलं म्हणून सांगितलं. टेबलावर ढीग वाढत चालला आणि केशवराव कार्डं लिहीत चालले. भाऊसाहेब असतानाही त्यांच्या टेबलाभोवती एवढी गर्दी झाली नव्हती, आणि जी व्हायची ती शिव्या द्यायला.

पण ढीग कपाटाच्या वर गेला तेव्हा त्यांना शंका आली. त्यांनी एक पुस्तक उघडून पाहिलं.

"युवराज, हे तात्या गेल्यानंतर छापलंय."

युवराजनं पुस्तक हातात घेतलं, उलटसुलट केलं. "असंल," तो म्हणाला. "पर असते तर आनलंच असतं की त्यांनी."

यावर शास्त्र काय म्हणतं, हे केशवरावांनी पाहायचं टाळलं. पुस्तक त्यांनी ढिगावर ठेवलं.

तपासणीचे साहेब आले, त्यांनी कार्डं चाळली, मान हलवली, कपाटं उघडली आणि मान हलवायची थांबवली. "हे काय? शेतीशेजारी कादंबरी?"

"हा वैयक्तिक संग्रह आहे साहेब," केशवराव म्हणाले. "तो मोडत नाहीत."

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, दादासोंकडे पाहिलं. दादासो छताकडे बघत होते. "विशेष संग्रह म्हणताय, तर त्याचं वर्णन लिहून लावा कपाटाला," साहेब म्हणाले, आणि चहा घेऊन गेले. मागचा शेरा काढला होता. दादासो गावभर सांगत सुटले की हे सगळं मीच केशवरावांना सुचवलं.

वर्णनाचा नमुना मॅडमनी फोनवर पाठवला. केशवरावांनी बाजाराचा दिवस मुद्दाम निवडला आणि सकाळीच स्वतः जाऊन काकूंना सांगून आले. त्या येतील की नाही याची त्यांना खात्री नव्हती, म्हणून ते वाचनालयाच्या पायरीवर उभे राहिले आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांनी 'काय भाऊसाहेब, कुणाची वाट?' असं विचारलं तरी तिथून हलले नाहीत.

काकू आल्या. दारं उघडली. वरच्या फळीपासून खालच्या फळीपर्यंत पुस्तकं ठासून भरली होती, काही आडवीही घातली होती.

"येवढी नव्हती ह्यांची," त्या म्हणाल्या.

"नव्हती," केशवरावांनी कबूल केलं. "पण लोक म्हणतात, होती."

काकू हसल्या, डोळ्यांना पदर लावला आणि स्टुलावर बसल्या. केशवरावांनी समोर कागद घेतला आणि एकेक रकाना वाचत गेले. संग्रह कुणाचा, ते लिहिलं. व्यवसाय काय? "ऊस लिवा," काकू म्हणाल्या. "अन् खालती वाचन लिवा." पुस्तकं कशी लावलेली होती? काकूंना आठवत नव्हतं. रात्री वाचत पडायचे अन् हाताला यील तिथं सारायचे, एवढं त्यांना माहीत होतं. केशवरावांनी तसंच लिहिलं, फक्त 'सारायचे' ऐवजी 'ठेवत असत' घातलं.

शेवटचा रकाना होता, 'यापुढे संग्रहात भर पडेल काय?' केशवरावांनी तो मोठ्यानं वाचला नाही. मॅडमनी वर्गात सांगितलं होतं, ज्याचा संग्रह तो माणूस हयात नसेल तर इथं 'नाही' लिहायचं. नियम बरोबर होता. त्यांनी पेन टेकवलं आणि त्यांना ते लिहवेना. त्यांनी टोपण लावून पेन टेबलावर ठेवलं.

काकूंचं तिकडं लक्ष नव्हतं. त्यांनी पिशवीतली मेथीची जुडी बाजूला केली आणि तळातून एक पुस्तक काढलं.

"हे बाजारात गावलं," त्या म्हणाल्या. "मला काय कळतंय, चित्र बघून घेतलं. रुबाबदार दिसतोय गडी. म्हटलं, ह्यांना आवडंल. चांगलं हाय का ओ?"

केशवरावांनी पाहिलं. मुखपृष्ठावर मिशांना पीळ दिलेला एक हवालदार सलाम ठोकत होता. वर लिहिलं होतं, 'पोलीस भरती: संपूर्ण मार्गदर्शक, मागील प्रश्नपत्रिकांसह'.

"फार चांगलं आहे," ते म्हणाले.

त्यांनी पुस्तकावर वाचनालयाचा शिक्का मारला, कार्ड लिहिलं, विषयाचा आकडा घातला, खाली तात्यांचं नाव घातलं आणि पुस्तक काकूंच्या हातात दिलं. काकूंनी वरच्या फळीवर थोडी जागा केली आणि ते तिथं ठेवलं. केशवराव टेबलाशी येऊन बसले, पेनाचं टोपण काढलं आणि शेवटच्या रकान्यात 'होय' असं लिहिलं.